पगाराच्या आधी तिथला डिसेंबर विचारा

[दृश्य: राजारामपुरी, सकाळी सात. क्लासेसच्या पाट्या, दुचाकींची गर्दी.]

राजारामपुरीच्या गल्ल्यांमधल्या पाट्या वाचत गेलं तरी कळतं, कोल्हापूरची पोरं कुठं निघालीत. इंग्रजीची आयईएलटीएस परीक्षा, जर्मन भाषेच्या ए-वन ते बी-टू पायऱ्या, कॅनडा पीआर म्हणजे कायमचं वास्तव्य, स्टडी व्हिसा. क्लास सुटला की चहाच्या गाड्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तिकडं किती देतात?" कुणीतरी युरोतला आकडा सांगतं, दुसरा मोबाइलवर रुपयांत गुणाकार करतो आणि निम्मा निर्णय तिथंच होऊन जातो.

हा गुणाकार करायलाच हवा. पण पगार महिन्यातून एकदा होतो. बाकीचे दिवस काढायचे असतात ते तिथली हवा, तिथलं काम आणि कामावरून परतल्यावरची संध्याकाळ यांच्यासोबत. त्यांचा हिशेब गाड्यावर होत नाही, घरी बसून करावा लागतो.

कागल तालुक्यातल्या एका घरात सध्या तो चालू आहे. थोरली मुलगी नर्स आहे, जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा झालेली, कोल्हापुरात एका खासगी रुग्णालयात नोकरी करते. धाकटा भाऊ आयटीआय फिटर, फाउंड्रीच्या मशीन शॉपमध्ये. २०२४ साली महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून या घरात जेवताना त्या राज्याच्या राजधानीचं, श्टुटगार्टचं नाव निघतं.

[दृश्य: शिरोली एमआयडीसी. भट्टीतून ओतला जाणारा लोखंडाचा रस.]

भाऊ म्हणतो, "थंडीचं काय एवढं? जाड जाकीट घेतलं की झालं." थंडीपुरतं त्याचं खरं आहे. भट्टीजवळ मे महिन्यात आठ तास उभं राहणाऱ्याला हवेची भीती घालायचं कारण नाही. आणि आपल्याकडची हवा सोपी आहे असंही कुणी म्हणू नये. २०१९ आणि २०२१ साली राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पंचगंगा शहरात शिरली, तेव्हा शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं रिकामी करावी लागली. सुरक्षित हवेत राहावं असं कुणाला वाटलं, तर ते समजण्यासारखं आहे.

पण जर्मनीत जाणाऱ्याला थंडीपेक्षा जास्त जाणवतो तो अंधार. कोल्हापूर साधारण पावणेसतरा अंश अक्षांशावर आहे. इथं डिसेंबरातला सगळ्यात लहान दिवससुद्धा अकरा तासांचा असतो. श्टुटगार्ट जवळजवळ एकोणपन्नास अंशांवर, तिथं तोच दिवस सव्वाआठ तासांचा. सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि दुपारी साडेचारला मावळतो, मधल्या वेळात बहुतेक ढगच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी अंगावर ऊन पडत नाही तेव्हा झोप बिघडते, मन जड होतं, ड जीवनसत्त्व कमी पडतं. डॉक्टर तिकडच्या लोकांनाही याबद्दल सांगत असतात. याची भरपाई जूनमध्ये होते, तेव्हा रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. पण जूनचे फोटो सगळेच पाठवतात. डिसेंबरबद्दल मुद्दाम विचारावं लागतं.

नर्ससाठी हा प्रश्न थेट ड्युटीशी येऊन भिडतो. सकाळची पाळी सहाच्या सुमाराला सुरू होते. जाताना मिट्ट काळोख, पण दोनला सुटली तर दोन तास उजेड हाताला लागतो. दुपारची पाळी असेल तर सकाळ मोकळी मिळते. सलग रात्रपाळ्या लागल्या तर आठवडाभर सूर्य दिसणार नाही. म्हणून या मुलीनं मुलाखतीत पगाराआधी पाळ्यांचं वेळापत्रक विचारलं. मला हा तिचा सगळ्यात शहाणा प्रश्न वाटतो.

इतर देशांचं हवामान वेगळं बोलतं. कॅनडातल्या विनिपेगमध्ये जानेवारीत पारा उणे तीसपर्यंत उतरतो. गाडीचं इंजिन गोठू नये म्हणून पार्किंगमध्ये तिला विजेची वायर जोडून ठेवतात. पण आकाश पुष्कळदा निरभ्र असतं, ऊन पडतं. दुबईत उलट. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरच्या कामाला कायद्यानंच बंदी आहे, यावरून तिथला उन्हाळा समजावा. एसीत बसणाऱ्याची दुबई वेगळी आणि मचाणावर चढणाऱ्याची वेगळी.

[दृश्य: स्वयंपाकघर. आई भाकरी थापते आहे, मुलगी समोर.]

आता काम. आईनं शेजारणीकडून काहीतरी ऐकलं होतं. ती म्हणाली, "म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालायला लावत्यात म्हणं नर्सला?" हो, लावतात. आपल्याकडे रुग्णाला पुसणं, भरवणं, कूस बदलणं हे नातेवाईक, मावशी किंवा आया करतात; नर्स इंजेक्शन, सलाईन, औषधं बघते. जर्मनीत रुग्णाची अंगसेवा हा नर्सच्या कामाचाच भाग आहे आणि नातेवाईक फक्त भेटीला येतात. इथून गेलेल्या कितीतरी मुलींना पहिला धक्का याच गोष्टीचा बसतो. यात कमीपणा काहीच नाही, पण आधी माहीत असलेलं बरं. मुलीचं उत्तर सरळ होतं. "आई, आपल्या आजीला मीच घालत होते की."

दुसरी गोष्ट कागदाची. आपली जीएनएम तिथं आपोआप चालत नाही. पदविका मान्य होईपर्यंत पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा द्यावी लागते, भाषा बी-टूपर्यंत न्यावी लागते, आणि तोवर पगार सहायकाचा मिळतो. गाड्यावर सांगितला जाणारा आकडा हा टप्पा ओलांडल्यानंतरचा असतो.

भावाचं गणित वेगळं. मार्च २०२४पासून जर्मनीत असा नियम आहे, की स्वतःच्या देशात किमान दोन वर्षांचं सरकारमान्य प्रशिक्षण, दोन वर्षांचा अनुभव आणि ठरावीक मर्यादेवरचा पगार देणारा करार असेल, तर तिथल्या मान्यतेच्या प्रक्रियेशिवायही व्हिसा मिळू शकतो. फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे आयटीआयचे दोन वर्षांचे ट्रेड, म्हणजे ते यात बसतात. वेल्डरचा ट्रेड एका वर्षाचा. भावाच्या जिवलग मित्राच्या हातचं वेल्डिंग कितीही देखणं असलं तरी ही वाट त्याला बंद. तो आखाताकडे बघतो आहे. दहावी नापास असल्यानं त्याच्या पासपोर्टवर ईसीआर आहे, म्हणजे तिकडं जायला सरकारची वेगळी मंजुरी लागणार. त्याला एवढंच सांगतो. एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते आधी बघ. नोंदलेल्या एजंटालाही कायद्यानं तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापलीकडे सेवाशुल्क घेता येत नाही. लाखभर मागणाऱ्याच्या दारातून उठून ये.

[दृश्य: गंगावेश, रात्र. दूध कट्टा.]

राहता राहिलं रोजचं जगणं, आणि कोल्हापूरकराला सगळ्यात अवघड हेच जातं. आपलं आयुष्य घराबाहेर घडतं. रात्री गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध, संध्याकाळी रंकाळा, शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम, पेठेपेठेची तालीम. न सांगता कुणाच्याही दारात जाऊन "हाईस का रं?" म्हणायची सोय. श्टुटगार्टकडे रविवारी दुकानं बंद असतात, रात्री दहानंतर शांतता पाळावी लागते. इमारतीचा जिना झाडायची घराघराची पाळी ठरलेली असते, आणि ती चुकवली की शेजारी बोलून दाखवतात. धुणं, भांडी, स्वयंपाक सगळं आपल्याच हातानं.

पण तिथं जे मिळतं त्याचंही मोल मोठं आहे. पाच दिवसांच्या आठवड्यावर वर्षाला किमान वीस दिवस भरपगारी रजा कायद्यानं मिळते, आजारी पडलात तर सहा आठवडे पूर्ण पगार चालू राहतो. इथं दोन पाळ्या सलग करणाऱ्या नर्सला विचारा, हे काय आहे ते. त्याची किंमत कर आणि विम्यातून मोजावी लागते. एकट्या माणसाच्या पगारातला तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग हातात येण्याआधीच कापला जातो. घरभाड्यातही हीटिंगसह किती आणि हीटिंगशिवाय किती, असे दोन आकडे असतात. गुणाकार करायचाच तर हातात येणाऱ्या पगारातून हीटिंगसहचं भाडं वजा करून करावा.

[दृश्य: उसाचं शेत, बांधावर वडील.]

वडिलांचा प्रश्न शेताचा होता. परदेशी नागरिकत्व घेतलं की भारताचं सोडावं लागतं, मग मूळ भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड मिळतं. ओसीआय असो वा अनिवासी भारतीय, दोघांनाही शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशानं आलेली मात्र ठेवता येते. म्हणजे वडिलोपार्जित ऊस राहील, शेजारचा तुकडा पोरीच्या नावावर विकत घेता येणार नाही. आणि उद्या आईवडिलांनाच तिकडं न्यायचं म्हटलं, तर जर्मनीनं अलीकडे कुशल कामगारांसाठी ती वाट उघडली आहे. पण उतारवयातल्या माणसाचा आरोग्य विमा काढताना ती फार महाग पडते.

या घरातला निर्णय दोघांसाठी सारखा झालेला नाही. मुलगी जाणार आहे. पुण्यात बी-टूची परीक्षा देईल, आणि करारात पहिल्या हिवाळ्यात सलग रात्रपाळ्या नकोत, अशी मागणी तिनं लेखी पाठवली आहे. भाऊ वर्षभर थांबणार आहे. तिकडच्या मोटार उद्योगात नोकरकपात चालू आहे, आणि त्याचं जर्मन अजून ए-वनलाच आहे. तोवर सकाळी सातचा क्लास आणि नऊची शिफ्ट, दोन्ही सांभाळायचं असं त्यानं ठरवलंय. वडिलांनी क्लासची फी भरली आहे.