उभ्या विटांचं लिमा

हा समोर पसरलाय तो पॅसिफिक. आपण आहोत पेरूची राजधानी लिमा इथे, मिराफ्लोरेसच्या कड्यावर. ऑगस्टची सकाळ. आभाळ दिवसभर असंच राखाडी राहणार. इथले लोक त्याला ‘गाढवाचं पोट’ म्हणतात. ढग आहेत, पण पाऊस नाही. किनाऱ्यालगतचा थंड हम्बोल्ट प्रवाह हवा गार ठेवतो. धुकं उतरतं, अंगावर भुरभुर येते, तेवढीच.

मागे दिसतंय ते प्रेमिकांचं उद्यान. मिठीतल्या जोडप्याचं हे अजस्र शिल्प व्हिक्तोर देल्फिन यांचं, 1993 सालचं. आम्हीही फोटो काढला.

आणि हा डोंगर? हा डोंगर नाही. इमारतींच्या गराड्यात उभा असलेला वाका पुक्याना, कच्च्या विटांचा पिरॅमिड. साधारण इसवी सन 200 ते 700 या काळात इथल्या लोकांनी तो बांधला. इंका कितीतरी शतकांनी आले.

हिला इथून हलवेना. हिचं लहानपण सोलापूरकडच्या धाब्याच्या घरात गेलं. भिंतीचे पोपडे निघाले की आजी शेणमाती कालवून लिंपायची, ही पाणी घालायची. तिचा पहिला प्रश्न होता, “विटा उभ्या का लावल्यात?”

जवळून बघा. हातानं घडवलेली छोटी वीट. आडवी नाही, फळीवर पुस्तकं लावावीत तशी उभी, शेजारच्या विटेपासून थोडी फट सोडून. एक रांग झाली की वर मातीचा थर, त्यावर पुन्हा उभी रांग. अभ्यासक सांगतात, जमीन हादरली की या फटींमुळे विटांना हलायला जागा मिळते, धक्का तिथेच जिरतो. ना पोलाद, ना सिमेंट. 1746 च्या भूकंपात स्पॅनिशांनी वसवलेलं लिमा जवळजवळ भुईसपाट झालं. ही माती आजही उभी आहे.

1981 पासून इथे उत्खनन आणि डागडुजी सुरू आहे. हे काका सकाळपासून एकाच रांगेवर बसलेत. कुंचल्यानं धूळ झाडायची, माती कालवायची, ढासळलेली वीट होती तशीच उभी बसवायची, अंगठ्यानं कड दाबायची. मग पुढची.

विसाव्या शतकात शहर वाढलं आणि या जागेचा मोठा भाग घरं-रस्त्यांखाली गेला.

दुपारी सेविचे खाल्लं: लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा, कांदा, मिरची. आणि पुन्हा इथेच आलो.

आता दिवे लागलेत. काकांची रांग कोपऱ्यापर्यंत पोचली आहे. ही कठड्याला टेकून बघतेय.