शिबीर संपल्यावर

नमस्कार मंडळी. माझं बालपण इथंच इंदूरच्या रामबागेत गेलं. घरच्यांपुढे बोलतोय असं समजून आधी माझी चूक सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी गणपतीत आम्ही रक्तदाब तपासणीचं शिबीर घेतलं होतं. दिवसभर रांग. मी आकडा चिठ्ठीवर लिहायचो आणि ‘डॉक्टरांना दाखवून घ्या हं’ म्हणून पुढच्याला बोलवायचो. आरतीच्या सुमारास मोठ्या समाधानानं टेबल उचललं. त्या रांगेत आमच्या गल्लीतल्या एक काकू होत्या. बीपी 170/100. दिवाळीआधीच त्यांना पक्षाघात झाला, उजवा हात गेला. भेटायला गेलो, तर माझ्या अक्षरातली चिठ्ठी देव्हाऱ्याजवळच्या पंचांगात घडी घालून ठेवलेली. त्या कुठंच गेल्या नव्हत्या. ‘दुखत तर काही नव्हतं रे,’ म्हणाल्या.

दुखत नाही, हीच तर या उच्च रक्तदाबाची खोड. डोकं दुखेल, चक्कर येईल, मग बघू, असं म्हणत आपण बसतो, आणि तोवर हृदय, मूत्रपिंडं, डोळ्यांचा पडदा मुकाट्यानं झिजत राहतात.

शिबिरातलं एकच माप म्हणजे निदान नव्हे, हेही तितकंच खरं. जिना चढून आलात, लगेच दंडाला कफ, म्हणजे मोजायचा पट्टा, बांधला, वर गप्पाही चालू, तर आकडा चढणारच. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेकवलेला, तोंड बंद. अर्धा तास आधी चहा नको, तंबाखू नको, आणि लघवी तुंबवून बसू नका. दंड जाड असेल तर मोठा कफ मागा. लहान कफ आकडा फुगवतो. दोनदा मोजायचं. 140/90 किंवा त्याहून जास्त आला, तर दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा. 180/110 च्या पुढे गेला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर.

ही दुसरी भेटच आपल्याकडे होत नाही. झाली आणि गोळी सुरू झाली, तरी महिनाभरात ‘आता नॉर्मल आहे’ म्हणून बंद. अहो, नॉर्मल आहे तो गोळीमुळेच! कुणाचे पाय सुजतात. अॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीनं तसं होऊ शकतं. मग डॉक्टरांना सांगा, ते गोळी बदलतील. आपल्या मनानं सोडू नका. गुडघेदुखीसाठी रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनीही बीपी चढतो, तेही सांगायचं राहू देऊ नका.

आता आपल्या इंदूरचं. पोह्यांवर मूठभर शेव, वर जिरावण हा खारट मसाला, शिवाय लोणचं. मीही त्यावरच वाढलो. पण जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमहून कमी मीठ म्हणते, म्हणजे सगळं मिळून जेमतेम एक चहाचा चमचा. पोहे खा की, शेव चिमूटभर घ्या.

2017 मध्ये आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, आणि इतरांनी मिळून भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू केला. पहिल्या पाच राज्यांत आपला मध्य प्रदेशही होता. त्यातली मला सर्वांत पटलेली गोष्ट अगदी साधी आहे: ठरलेल्या थोड्या गोळ्या, ठरलेला क्रम, महिन्याचं औषध एकदम, आणि जो आला नाही त्याची नोंद पाहून त्याला फोन. आमच्या शिबिरात नेमकं हेच नव्हतं. आकडा होता, माणसाचा पत्ता नव्हता.

म्हणून यंदा आपल्या शिबिरात चिठ्ठी नाही, वही असेल. नाव, फोन, आकडा, पुढची तारीख. पंधरा दिवसांनी फोन करायला माणसं लागतील. एकाकडे दहा नावं, इतकंच काम. ‘गेला होतात का? गोळी मिळाली का? किती आला?’ विचारायचं आणि लिहायचं. वही मागच्या टेबलावर ठेवली आहे. जाताना, ज्यांना फोन करणं जमेल त्यांनी शेवटच्या पानावर नाव लिहा. पहिलं नाव त्या काकूंच्या सूनबाईंनी सकाळीच लिहून ठेवलंय.