जेसीबी बोलावण्याआधी रान पायाने फिरा

नमस्कार मंडळी. शिमगा आटोपला की आपल्या कोकणात जेसीबीचा हंगाम सुरू होतो. एकीकडे आंब्याची गडबड, आणि दुसरीकडे मुंबई-पुण्याहून आलेली माणसं आजोबांची पडीक जमीन साफ करून घ्यायची म्हणून मशीनवाल्याला फोनवर फोन लावत असतात. वीस-वीस वर्षं कोणी पाय ठेवलेला नसतो, करवंदी, घाणेरी, रानमोडी असं माजलेलं असतं की आपली हद्द कुठे हेच कळत नाही, मग वाटतं की एकदा मशीन लावलं की दोन दिवसात मैदान मोकळं. आज मला ह्याच कामाबद्दल बोलायचंय, कारण मशीन भाड्याने घेणं आता फार सोपं झालंय आणि त्याने केलेलं नुकसान भरून यायला मात्र आयुष्य जातं, ते मी आमच्या आजूबाजूला बघत आलोय आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

आधी मशीनचं बोलू. आपण सरसकट सगळ्यालाच जेसीबी म्हणतो. जेसीबी हे मुळात इंग्लंडमधल्या कंपनीचं नाव, १९४५ साली जोसेफ सिरिल बॅमफर्ड नावाच्या माणसाने ती सुरू केली, त्याच्याच नावाची ही आद्याक्षरं, आणि भारतात ही मशीनं १९७९ पासून बनतायत. आपल्या गावात येतं ते टायरवालं, पुढे मोठं बकेट आणि मागे खोदायचा हात, त्याला बॅकहो लोडर म्हणतात. वजन साडेसात टनांच्या घरात. ते स्वतः रस्त्याने चालत येतं, म्हणून स्वस्त पडतं. दुसरं ते पोकलेन, चेनवालं, ते ट्रेलरवर घालून आणावं लागतं आणि तुमच्या पाणंदीतून ट्रेलर आत येतो का हे आधी बघावं लागतं. झुडपं काढायची, माती इकडची तिकडे करायची, खड्डे मारायचे तर जेसीबी पुरतो. तीव्र उतार असेल, मोठे धोंडे किंवा जाड बुंधे असतील तर पोकलेन, कारण चेनमुळे त्याचा भार पसरतो आणि ते उतारावर बसून काम करू शकतं. कुठलं मशीन लागेल हे फोनवर ठरवू नका, मशीनवाल्याला आधी एक चक्कर मारून जागा बघायला सांगा, चांगला मशीनवाला येतो.

आता भाडं. तासावर असतं, आणि रेट गावागणिक नि डिझेलगणिक बदलतो म्हणून मी आकडा सांगत नाही, पण चार गोष्टी आधी बोलून घ्या म्हणजे नंतर तोंड वाजत नाही. तास कुठून मोजणार, स्टँडवरून निघाल्यापासून की तुमच्या जमिनीत पाय ठेवल्यापासून? कमीत कमी किती तासांचे पैसे? डिझेल कोणाचं? ब्रेकर, म्हणजे दगड फोडायचं जोडहत्यार, लावला तर त्याचा रेट वेगळा असतो तो किती? मशीनमध्ये अवरमीटर असतं, म्हणजे इंजिन किती तास चाललं त्याचा काटा, त्यातला शेवटचा आकडा दशांश असतो, एक आकडा पुढे सरकला की सहा मिनिटं झाली. काम सुरू होताना मोबाईलवर त्याचा फोटो काढा, संपताना काढा, दोघांनी मिळून बघा. आणि इंजिन चालू ठेवून बांधावर उभं राहून चर्चा करत बसलात तर त्याचेही पैसे मीटरवर पडतात.

हे अवरमीटरच खरं तर सगळ्या घाईचं मूळ आहे. मीटर पळतंय म्हटल्यावर मालकाला वाटतं उरकून घ्यावं, ऑपरेटर विचारतो "काका, हे झाड पण काढू?" आणि काका पैशाकडे बघून म्हणतात काढ. तो निर्णय दहा सेकंदात होतो. ते झाड जांभळाचं असतं, साठ-सत्तर वर्षांचं असतं, आणि त्याच्या मुळांनी वरचा बांध धरून ठेवलेला असतो. म्हणून माझं एकच कळकळीचं सांगणं आहे की सगळे निर्णय मशीन यायच्या आधी, मीटर बंद असताना, रानात पायी फिरून घ्या.

फिरायचं म्हणजे कसं तर सकाळी लवकर, हातात कोयती, पायात गमबूट, सोबत गावातलं एखादं जुनं माणूस, ज्याने तिथे गुरं चारलीयत असं. कातळाच्या आसपास फुरसं असतं, पाचोळ्यात घोणस असते, तेव्हा काठी आपटत चला. ह्या जुन्या माणसाला तुम्हाला माहीत नसलेल्या गोष्टी माहीत असतात, ह्या झुडपाखाली जुनी विहीर आहे, इथून वरच्या वाडीची पाण्याची लाईन गेलीय, हा गडगा, म्हणजे दगड रचून केलेला बांध, ही चुलत घराची हद्द. विहीर तर फार महत्त्वाची, कठडा नसलेली, वर वेली पसरलेल्या, आणि साडेसात टनांचं धूड तिच्या काठावर गेलं तर काय होईल हे मी सांगायला नको. अशा प्रत्येक जागी बांबू रोवा, त्याला लाल फडकं बांधा. ठेवायच्या झाडांना चुन्याचा पट्टा मारा, दुरून दिसेल एवढा जाड. हद्दीबद्दल थोडीही शंका असेल तर आधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या, कारण एकदा हद्दीचे दगड आणि जुने गडगे मशीनने सपाट केले की मग भावकीत बोलणं बंद होतं आणि ते पुढच्या पिढीपर्यंत बंदच राहतं.

झाडांच्या बाबतीत कायदा पण आहे मंडळी. महाराष्ट्रात १९६४ चा झाडं तोडण्याबाबतचा कायदा आहे आणि त्यात काही झाडं अनुसूचित आहेत, ती तुमच्या स्वतःच्या मालकीच्या जमिनीत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. त्यात साग, खैर, चंदन तर आहेतच, पण आंबा, फणस, जांभूळ, चिंच, हिरडा, मोह, ऐन, किंजळ ही आपली रोजच्या ओळखीची झाडंही आहेत, आणि खारफुटी आहे. मशीनने मुळासकट उपटलं म्हणजे तोडलं नाही असं काही नसतं. मातीचंही तसंच, आपल्या रानातली माती आपल्याच रानात सपाटीला वापरणं वेगळं आणि डंपर भरून मुरूम बाहेर विकणं वेगळं, त्याला तहसीलची परवानगी आणि रॉयल्टी लागते, नाहीतर दंड बसतो आणि मशीनसुद्धा जप्त होतं.

आणि जर तुमची जमीन सड्यावर असेल, म्हणजे जांभ्याच्या कातळावर, तर कृपा करून जास्त हळू जा. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ह्याच सड्यांवर कातळशिल्पं सापडलीयत, उक्षी, देवीहसोळ, बारसू, काशेळी, तिकडे कुडोपी. काशेळीला तर भला मोठा हत्ती कोरलाय आणि त्याच्या अंगात इतर कितीतरी प्राणी. २०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. ह्यातली कित्येक लोकांच्या खाजगी जमिनीत आहेत, रेषांमध्ये माती आणि गवत भरलेलं असतं म्हणून उभ्याने दिसत नाहीत, ऊन तिरपं असताना सकाळी-संध्याकाळी जरा दिसतात. बकेटचे दात एकदा त्यावरून फिरले की हजारो वर्षांचं काम गेलं, ते कोणालाच परत करता येणार नाही. काही कोरल्यासारखं दिसलं तर मशीन थांबवा, फोटो काढा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.

आता येतो त्या इच्छेकडे जी बऱ्याच जणांच्या मनात असते, की एकदा आपणच मशीन चालवून बघावं. ऑपरेटर जेवायला बसला की मालकाचा मुलगा केबिनमध्ये चढतो, व्हिडिओ वगैरे काढायचा असतो. बाहेरच्या देशांत नवख्या माणसालाही छोटी मशीनं भाड्याने देतात, तो स्वतःच चालवतो, त्याचे व्हिडिओ बघून आपल्यालाही वाटतं की दोन दांडे तर आहेत. आपल्याकडे मशीन ऑपरेटरसकट येतं ही मी चांगलीच गोष्ट मानतो.

ऑपरेटर काय करतो ते एकदा नीट बघा. मागच्या हाताने खोदायच्या आधी तो सीट फिरवून मागे तोंड करून बसतो, पुढचं बकेट जमिनीवर दाबतो, मग दोन्ही बाजूचे जॅक, म्हणजे मशीनला टेकू देणारे पाय, खाली सोडतो, मशीन लेव्हलला आलं की मगच हात उघडतो. एका बाजूचा जॅक भुसभुशीत मातीत रुतायला लागला की तो लगेच थांबून खाली फळी टाकायला सांगतो, हे त्याला सीटमधून जाणवतं, आपल्याला मशीन कलल्यावर कळेल. झाडाचा बुंधा काढताना तो अंगावर जात नाही. आधी तीन बाजूंनी चर मारून मुळं तोडतो, मोठी मुळं तुटताना काडकन आवाज येतो, मग चौथ्या बाजूने हळू ढकलतो आणि पडायची बाजू त्याने आधीच मोकळी करून ठेवलेली असते. नवखा माणूस सरळ बकेटने उभ्या झाडाला धक्का देतो, आणि वाळलेली फांदी केबिनवर येते. उतारावर भरलेलं बकेट नेहमी चढाच्या बाजूला ठेवायचं, म्हणजे चढताना पुढे आणि उतरताना रिव्हर्स, बकेट जमिनीलगत, आणि उताराला आडवं कधीच चालवायचं नाही, टायरवालं मशीन कुशीवर जातं ते असंच.

विजेच्या तारांचं तर वेगळं सांगायलाच हवं. मागचा हात वर गेला की तो घरावरून जातो एवढा उंच होतो. शेतातून ११ केव्हीची लाईन गेली असेल तर तिच्या खाली काम करायचंच नाही, निदान तीन मीटर अंतर, जास्त असेल तर उत्तम, आणि करावंच लागणार असेल तर महावितरणला सांगून लाईन बंद करून घ्या. चुकून तार लागलीच तर ऑपरेटरने केबिनमध्येच बसून राहायचं, खालच्यांनी मशीनला हात लावायचा नाही, जवळ जायचं नाही, लाईन बंद झाल्याची खात्री झाल्यावरच उतरायचं. मशीनला आग लागली म्हणून उतरावंच लागलं तर दोन्ही पाय जुळवून उडी मारायची, एकाच वेळी मशीन आणि जमीन दोन्हीला स्पर्श होऊ द्यायचा नाही, आणि पाय जुळलेलेच ठेवून उड्या मारत लांब जायचं. घरातल्या पोरांना पण हे सांगून ठेवा.

ज्याला खरंच शिकायचंय त्याने जरूर शिकावं, त्यात कमीपणा नाही, उलट चांगला ऑपरेटर मिळणं मुश्किल झालंय. इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिलचे बॅकहो लोडरचे कोर्स असतात, सर्टिफिकेट मिळतं. रस्त्यावर न्यायला लायसन्स लागतंच. पण शिकायची जागा म्हणजे सपाट मोकळं मैदान आणि बाजूला शिकवणारा माणूस, आपल्या आजोबांचं उताराचं रान नाही. बिनलायसन्सचा माणूस सीटवर असताना अपघात झाला तर विम्याचंही अवघड होऊन बसतं आणि भुर्दंड मशीनवाल्या गरीब माणसावर पण येतो, त्याच्या मशीनचा हप्ता चालू असतो.

मग मालकाने काय करायचं, तर ऑपरेटरला दिसेल अशा ठिकाणी, हात फिरेल त्याच्या बाहेर उभं राहायचं, पोराबाळांना आणि कुत्र्यांना लांब ठेवायचं, आणि माती बघायची. हो, माती. कोकणातली सुपीक माती कित्येक ठिकाणी वीतभर असते, खाली लगेच जांभा. मशीनने सपाटी करताना वरची माती खाली जाते आणि खालचा लाल दगडी मुरूम वर येतो, दिसायला मैदान छान दिसतं आणि त्यात पुढची दहा वर्षं धड गवत येत नाही. म्हणून आधी वरचा थर खरवडून एका बाजूला ढीग करायला सांगा, मग खाली काय लेव्हल करायचंय ते करा, आणि शेवटी तीच माती परत वर पसरा. ऑपरेटर म्हणेल दोन तास जास्त लागतील, लागू देत, त्या दोन तासांचे पैसे आनंदाने द्या. काढलेली झुडपं भरावात पुरू नका, ती कुजली की जमीन खचते आणि वाळवी येते. पेटवू पण नका, मार्च-एप्रिलमध्ये एक ठिणगी शेजारच्या काजूच्या बागेत गेली की वणवा. ती उताराला आडव्या ओळीत रचून ठेवा, पाऊस आला की माती तिथे अडते.

खरं तर पुष्कळदा सगळं रान साफ करायची गरजच नसते. हापूस लावायचा असेल तर दहा बाय दहा मीटरवर, म्हणजे एकरी चाळीस झाडं. चाळीस खड्डे, मीटर-मीटरभराचे, आणि तिथे पोचायला एक वाट, एवढंच मशीनने करून घ्या. मधला झाडोरा राहू दे, तो माती धरून ठेवतो, पक्षी असतात, ओल टिकते, दरवर्षी कोयत्याने नाहीतर ब्रशकटरने, म्हणजे झुडपं कापायच्या हातातल्या मशीनने, थोडा-थोडा आटोक्यात ठेवता येतो. तो ब्रशकटर मात्र तुम्ही स्वतः चालवा, चष्मा आणि बूट घालून, गावागावात अवजार बँकांत भाड्याने मिळतो.

वेळ साधायची तर एप्रिलच्या आत काम संपवा. मे अखेरीला उतारावर जमीन उघडी केली आणि वर मृगाचा पाऊस पडला तर ती माती थेट नदीत जाते. ओल्या जमिनीत मशीन घालूच नका, रुततं ते रुततं आणि टायरखाली माती दगडासारखी आवळून बसते. पहिला पाऊस झाला, वाफसा आला की मोकळ्या केलेल्या भागात ताग नाहीतर धैंचा ह्या हिरवळीच्या खताच्या पिकाचं बी फेका, पीक फुलावर आलं की तिथेच गाडा, आणि जून-जुलैच्या पावसात एकदा छत्री घेऊन रानात जाऊन बघा की पाणी नेमकं कुठून वाहतंय, तिथे खुणा करून ठेवा आणि पाऊस संपल्यावर त्या खुणांवर आडवे चर मारून घ्या, त्याला मशीन लागत नाही, चार गडी पुरतात. नमस्कार.