माउलीचं वस्त्र आणि शार्त्रचं चर्च

पॅरिसच्या नैऋत्येला ऐंशी-नव्वद किलोमीटरवर बोसचं पठार आहे. नजर पोचेल तिथवर गहू. वाटेत डोंगर नाही की दाट झाडी नाही. या गव्हाच्या पलीकडे, क्षितिजावर, दोन बारीक टोकं वर येतात. गाव अजून दिसत नाही. दिसतात ते फक्त दोन कळस, एक साधा आणि एक नक्षीदार. पंढरीच्या वाटेवर कळस दिसला की वारकऱ्याचे हात जसे आपोआप जोडले जातात, तसा इथे पायी येणारा माणूस गेली आठशेहून जास्त वर्षं थांबत आला आहे.

हे शार्त्र. आणि हे इथलं नोत्र दाम, म्हणजे माउली मरियेचं चर्च.

लोक इथे यायचे ते एका वस्त्रासाठी. येशूच्या जन्माच्या वेळी मरियेच्या अंगावर होतं, अशी ज्यावर श्रद्धा आहे, ते वस्त्र. राजा शार्ल द बाल्ड याने इ.स. ८७६च्या सुमारास ते या चर्चला दिलं, असं परंपरा सांगते. त्या वस्त्राने शार्त्रचं तीर्थक्षेत्र केलं. बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून, दुखणं बरं व्हावं म्हणून माणसं चालत यायची. तळघरात एक खोल विहीर आहे. आजारी माणसं तिचं पाणी प्यायची.

मग आला १० जून ११९४. रात्री शहराला आग लागली आणि चर्च जळालं. छत कोसळलं, भिंती पडल्या. पण खरं दुःख दगडाचं नव्हतं. वस्त्र गेलं, असंच सगळ्यांना वाटलं. वस्त्र गेलं म्हणजे माउली शार्त्र सोडून गेली! मग कशासाठी बांधायचं पुन्हा, आणि कोणासाठी?

पोपचा प्रतिनिधी कार्डिनल मेलिओर तेव्हा शार्त्रमध्ये होता. तो लोकांशी बोलत असतानाच तळघरातून मिरवणूक वर आली. आग भडकल्यावर काही जण वस्त्राची पेटी घेऊन खाली उतरले होते आणि तिथेच अडकून पडले होते. तीन दिवसांनी ते जिवंत बाहेर आले, पेटीसकट. लोकांनी त्याचा एकच अर्थ लावला. माउलीला याहून मोठं घर हवं आहे.

आज आपण पाहतो ते हे घर.

पण जागा मोकळी नव्हती. आगीतून दोन गोष्टी वाचल्या होत्या. एक, बिशप फुल्बेरच्या काळातलं, अकराव्या शतकातलं प्रचंड तळघर. दोन, पश्चिमेची दर्शनी बाजू, तिचे मनोरे आणि तिथलं राजद्वार. या द्वारावरच्या मूर्ती जवळून पाहा. खांबांइतक्याच उंच, सडपातळ, अंगालगत सरळ उतरणाऱ्या चुण्या आणि चेहऱ्यावर विलक्षण शांतता. या ११४५ ते ११५५च्या आसपासच्या. नव्या कारागिरांना नवं चर्च या दोहोंच्या मध्ये बसवायचं होतं. रुंदी तळघराने आधीच ठरवून दिली होती. वाढायला एकच दिशा उरली होती, वरची.

आत शिरलं की मान आपोआप वर जाते. छत सुमारे ३७ मीटरवर आहे, म्हणजे बारा मजली इमारतीएवढं. आधीच्या जाडजूड बांधकामात भिंतच छताचं वजन पेलायची, त्यामुळे तिला मोठी खिडकी पाडायची सोय नव्हती. इथे टोकदार कमानी आणि दगडी बरगड्या ते वजन गोळा करून ठरावीक खांबांवर आणतात. उंच छत भिंतीला बाहेर ढकलतं, म्हणून बाहेरून दगडी धिरे दिले आहेत. मधल्या मोकळ्या जागेवरून अर्ध्या कमानीसारखे झेपावणारे हे उडते धिरे चाकाच्या आऱ्यांसारख्या बुटक्या खांबांनी जोडलेले आहेत. त्यांनी भार पेलला आणि भिंत मोकळी झाली. त्या काळच्या चर्चमध्ये बाजूच्या कमानींवर सज्जाचा आणखी एक मजला असायचा. शार्त्रच्या कारागिरांनी तो गाळून टाकला आणि वाचलेली सगळी उंची खिडक्यांना दिली. माझ्या मते शार्त्रचा सगळ्यात धाडसी निर्णय हाच. त्या सूत्रधाराचं नावही आपल्यापर्यंत आलेलं नाही.

दालनाच्या टोकाला वेदीच्या मागून दुहेरी प्रदक्षिणामार्ग जातो. वेदीवर प्रार्थना चालू असली तरी यात्रेकरूंची रांग तिला न अडता फिरत राहावी, यासाठी. फरशीला थोडा उतार आहे. यात्रेच्या रात्री माणसं इथेच पथारी पसरून झोपायची आणि सकाळी फरशी पाणी ओतून धुवायची, म्हणून तो दिला, असं इथे सांगतात.

आता खिडक्या. एकूण १७६. मला त्यातल्या दोनच जवळून दाखवायच्या आहेत.

पहिली, निळ्या वस्त्रातली माउली. मांडीवर बाळ. ही काच ११८०च्या सुमाराची, म्हणजे आगीच्याही आधीची. ती वाचली आणि नव्या चर्चमध्ये तिला पुन्हा जागा मिळाली. तिचा निळा रंग कोबाल्टचा. ढगाळ दुपारीही तो विझत नाही.

दुसरी खिडकी दक्षिणेच्या बाजूची, भल्या शोमरोनी माणसाची. वाटेत लुटला गेलेला, मार खाऊन पडलेला प्रवासी आणि त्याला उचलून नेणारा परका माणूस, ही येशूने सांगितलेली गोष्ट. आणि तिच्या अगदी तळाशी, बघणाऱ्याच्या डोळ्यांजवळ, कोण आहेत? चर्मकार, जोडे शिवताना. वाटसरूच्या गोष्टीखाली जोडे शिवणारे हात! या व्यावसायिक संघांनी खिडक्यांसाठी स्वतः पैसे दिले का, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण मैलोन्‌मैल चालून आलेल्या माणसाची नजर आधी त्या जोड्यांवर पडली असेल, याबद्दल मला शंका नाही.

१२६०मध्ये चर्चचं अर्पण झालं. पुढे उत्तरेच्या मनोऱ्यावर वीज पडली, आणि जां द बोस या वास्तुकाराने १५१३पर्यंत त्यावर आजचा नक्षीदार कळस चढवला. साधा कळस बाराव्या शतकातला. दोन कळसांमध्ये साडेतीन शतकांचं अंतर पडलं ते असं. फ्रेंच क्रांतीत तळघरातली माउलीची लाकडी मूर्ती जाळली गेली. १८३६च्या आगीत छतावरचा लाकडी सांगाडा गेला. त्याजागी लोखंडाचा सांगाडा उभारून वर तांब्याचा पत्रा घातला. छत आज हिरवं दिसतं ते त्या तांब्यामुळे.

१९३९ साली युद्ध दारात आलं, तेव्हा काचा उतरवून पेट्यांत भरल्या आणि सुरक्षित जागी हलवल्या. पण इमारत कशी हलवणार? ऑगस्ट १९४४मध्ये जर्मन सैनिक मनोऱ्यातून टेहळणी करतात, असा अमेरिकी सैन्याला संशय आला. तोफा डागायची तयारी झाली. कर्नल वेल्बर्न ग्रिफिथ म्हणाला, आधी मी बघून येतो. तो आत गेला, मनोऱ्यावर चढला. तिथे कोणीच नव्हतं. तोफा थांबल्या. त्याच दिवशी, १६ ऑगस्टला, जवळच्या लेव्ह गावात तो मारला गेला.

२००९पासून आतली काजळी साफ होऊ लागली. फिकट पिवळसर भिंती पुन्हा उजळल्या. तेराव्या शतकात त्या अशाच होत्या, हे मला पटतं. पण धुराने काळी पडलेली, त्याच रूपात पूजलेली खांबावरची माउलीची मूर्ती या सफाईत गोरी झाली, तिथे माझं मन अडतं. लोकांनी शतकानुशतकं जिला हात जोडले, ती त्या काळ्या चेहऱ्याची होती.

शेवटी जमिनीकडे पाहा. फरशीत तेरा मीटर व्यासाचा एक गोल चक्रव्यूह आहे. त्याची वाट एकच, सुमारे २६० मीटरची. चुकायला जागा नाही, पण मध्याजवळ आणून ती पुन्हा दूर नेते. एरवी त्यावर खुर्च्या मांडलेल्या असतात. लेंटपासून, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळापासून, शरद ऋतूपर्यंत दर शुक्रवारी त्या बाजूला करतात. सकाळी दारं उघडली की कोणीतरी येतं, चपला काढून कडेला ठेवतं आणि पहिल्या दगडावर पाऊल टाकतं.