केमोच्या आधी विचारायचं

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांना टेकतो. अशा दिवसांत एखादी बाई म्हणाली, अंगातून वाफा निघतात, रात्री घामानं झोप मोडते, तर शेजारीण म्हणणार, "ऊन किती शे!" खरंच असतं ते. पण त्याच वाफा डिसेंबरच्या थंडीतही आल्या तर?

(दृश्य: प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघणारे पेशंट, हातात फायली)

कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या कितीतरी तरुण बायकांचं असं होतं. गाठ गेली, केस परत आले, पाळी मात्र आली नाही. सायक्लोफॉस्फामाइडसारखी केमोची औषधं आणि ओटीपोटावरचं रेडिएशन अंडाशयातली बीजं मारतात. बीजांचा साठा जन्मतःच मिळालेला. तो पुन्हा भरत नाही. तो संपला की इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोनही आटतं. मग तिशीतच हाडं ठिसूळ व्हायला लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. घरात मात्र प्रश्न एकच: मूल होईल ना? हाडांचं कोण विचारतं!

(दृश्य: प्रयोगशाळा, द्रव नायट्रोजनची टाकी)

केमोच्या आधी दुर्बिणीतून एक अंडाशय किंवा त्याचा तुकडा काढून ठेवता येतो. बीजं असतात वरच्या एक-दोन मिलिमीटरच्या थरात. त्याच्या पातळ पट्ट्या करून उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. तिथं त्या वर्षानुवर्षं टिकतात. आजार बरा झाला की पट्ट्या उरलेल्या अंडाशयावर किंवा शेजारी पोटाच्या अस्तराखाली बसवतात.

खरी कसोटी पुढचे काही दिवस. पट्टीला रक्तवाहिन्या जोडून देता येत नाहीत, त्या आपल्या आपण फुटाव्या लागतात. केळीचा कंद मूळ धरेपर्यंत तग धरतो, तसंच. फक्त कंदाला ठिबकनं पाणी देता येतं, इथं तीही सोय नाही. बरीच बीजं तेवढ्यात मरतात. जी वाचतात ती चार-सहा महिन्यांत कामाला लागतात. बहुतेक जणींची पाळी परत येते आणि पुढं काही वर्षं टिकते.

2004 साली ब्रसेल्समध्ये डॉ. जाक दोने यांच्या पेशंटला अशा पट्टीतून मूल झालं, जगातलं पहिलं. तिची पट्टी गोठवली होती 1997 मध्ये.

हे सगळ्यांसाठी नाही. ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरमध्ये, पट्टीबरोबर कॅन्सरच्या पेशीच परत जाण्याची भीती असते. नुसते हार्मोनच हवे असतील, तर पुष्कळ जणींना गोळ्या किंवा पॅच जास्त सोपे. स्तनाच्या काही कॅन्सरमध्ये मात्र तेही चालत नाहीत. वयात न आलेल्या मुलीची तर स्त्रीबीजं काढून गोठवता येत नाहीत. तिच्यासाठी हीच एक वाट.

(दृश्य: दवाखान्याचा व्हरांडा)

खानदेशातले कितीतरी पेशंट परळच्या टाटा हॉस्पिटलला जातात. सोबत बहुधा दीर किंवा भाऊ. त्याच्यासमोर पाळीचा विषय कसा काढायचा? पण केमोची तारीख ठरते त्याच भेटीत हे विचारावं लागतं. पहिली सलाईन लागल्यावर उशीर झालेला असू शकतो. डॉक्टरांसमोर जीभ रेटत नसेल, तर नर्सताईला बाजूला घेऊन विचारा: "माझं अंडाशय वाचवता येईल का?"