पाटीतलं आंबोण

(पहाटेचा अंधार. गोठ्यातला पिवळा दिवा. पाटीत पाणी ओतल्याचा आवाज.)

पहाटेचे साडेचार. करवीर तालुक्यातला एक गोठा.

रात्री भिजत घातलेली शेंगपेंड फुगून मऊ झाली आहे. मावशी तिच्यात गव्हाचा भुसा टाकतात, थोडं मीठ टाकतात आणि कोपरापर्यंत हात घालून कालवायला बसतात. हेच आंबोण, म्हशीचं कालवलेलं खाद्य. पेंडीचा एकही खडा राहता कामा नये. तिकडं म्हशीनं दावं ताणलंय.

गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा पेला तोंडाला लावणारं हे कोल्हापूर. १९६३ साली इथं जिल्हा दूध संघ उभा राहिला, घरोघरचं दूध गोळा होऊ लागलं. त्या दुधाची गोष्ट सांगायची तर सुरुवात ह्या पाटीपासून करावी लागते.

शेंगपेंड तेलाच्या घाण्यातून आली, भुसा पिठाच्या गिरणीतून. माणसानं तेल घेतलं, पीठ घेतलं आणि मागं राहिलं ते म्हशीपुढं आलं. पण मागं काय राहिलं ते बघा. शेंगदाण्यात प्रथिनं साधारण २५ टक्के. तेल निघून गेलं की तीच प्रथिनं दाटतात आणि पेंडीत ४० ते ४५ टक्क्यांपर्यंत जातात. सोयाबीनची पेंड ह्याच पंक्तीतली. सरकी पेंड टरफलासकट असेल तर निम्म्यावर, २२-२४ टक्के. तरी आमच्याकडं सरकीवर लोकांचा जीव आहे, कारण तिच्यात तेल राहतं आणि डेअरीत फॅट चांगली लागते, असा प्रत्येकाचा अनुभव.

(उसाचा फड. तोड चालू आहे. डोक्यावर वाढ्याची मोळी घेतलेली बाई.)

हंगाम सुरू झाला की जिल्हाभर गोठ्यात हिरवंगार वाढं, म्हणजे उसाचा शेंडा, दिसतं. ऊस कारखान्याला किंवा गुऱ्हाळाला, शेंडा जनावराला. ओलं, गोडसर, जनावर आवडीनं खातं. पण ह्या वाढ्यात प्रथिनं फार थोडी. एक किलो शेंगपेंडीतून मिळतात तेवढी प्रथिनं वाढ्यातून मिळवायची म्हटली तर २०-२५ किलो वाढं घालावं लागेल. शिवाय त्यात ऑक्झॅलेट असतं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि अंगी लागू देत नाही. म्हैस तर रोज दुधातून कॅल्शियम देत असते. महिनोन्‌महिने नुसत्या वाढ्यावर ठेवलेली म्हैस पोट भरलेली दिसते आणि आतून झिजत जाते. म्हणून जाणती माणसं वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडतात. खनिज मिश्रण देतात, रोज साधारण ५० ग्रॅम.

आणि चिपाड? ते गुऱ्हाळाच्या चुलवाणातच शोभतं. रस गेला की उरतो तो काष्ठमय चोथा, प्रथिनं जेमतेम दोन टक्के. टंचाईत पोट भरायला घालतात, पण त्यावर दूध मागू नये.

(भाताची गिरणी. कोंड्याची धार पोत्यात पडते आहे.)

आजरा, चंदगड, राधानगरी हा भाताचा पट्टा. इथल्या गिरणीतला ताजा कोंडा हातात घ्या, गोडसर वास येतो. प्रथिनं १२-१४ टक्के आणि तेलही जवळपास तेवढंच. पण तांदळापासून सुटल्यावर ह्या तेलाला लगेच खवट होण्याची ओढ लागते, म्हणून कोंडा साठवायचा नाही, आणावा तसा संपवावा. मुठीत दाबून बघा. चांगला कोंडा मूठ धरतो. हाताला टोचला, भुरभुरला, तर त्यात तूस, म्हणजे भाताचं टरफल, मिसळलंय. तुसात वाळूच्या जातीची सिलिका असते, ती कुठल्याच जनावराला पचत नाही. कोंड्यात आणि भुशात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावापुरतं. म्हणजे इथंही निवळीची गरज आलीच.

(पावसाचा आवाज. गोठ्याच्या कोपऱ्यात रचलेली पोती.)

आता जे सांगायचं आहे ते जरा जीवावर येतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी चढलं, तेव्हा आमच्या घरची शेंगपेंडीची दोन पोती खालून भिजली. पाणी ओसरल्यावर आम्ही पेंड उन्हात वाळवली, वरची हिरवट बुरशी खरवडली आणि घातली. महागाची वस्तू, टाकवेना. चार दिवसांत म्हशीनं खाणं कमी केलं, दूध निम्म्यावर आलं. डॉक्टरांनी पाटीतली पेंड हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाले, "ही आधी बंद करा."

दमट हवेत शेंगदाण्यावर ॲस्परजिलस नावाची बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी पटापट मेले. शोध घेतला तर खाद्यात ब्राझीलहून आलेली शेंगपेंड होती, आणि त्या शोधातूनच हे विष जगाला कळलं. बुरशी खरवडून ते जात नाही, कारण ते पेंडीच्या आत मुरलेलं असतं. उन्हानंही पुरतं जात नाही. जनावरानं खाल्लं की त्यातला काही भाग रूप बदलून दुधात उतरतो आणि दूध उकळलं तरी तिथंच राहतो. किलोभर दुधात अर्धा मायक्रोग्रॅम, ह्याच्या वर ते चालत नाही, इतकी आपल्याकडची मर्यादा बारीक आहे. आणि ते दूध आमच्याच घरात एक पोरगी पीत होती.

त्या वर्षापासून आमच्याकडं पोती जमिनीवर टेकत नाहीत. खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून वीतभर अंतर, आणि पावसाळ्यात आठवड्यापुरतीच पेंड.

(पेंडीचं दुकान. सकाळ.)

मावशी आता दुकानात आल्या आहेत. भाव विचारायच्या आधी त्या पोत्यातला एक तुकडा उचलतात, मधोमध मोडतात आणि नाकाशी नेतात. दुकानदार हसतो, "मावशी, कालच आलीय."

मावशी दुसऱ्या पोत्यातला तुकडा मोडतात. मग तिसऱ्यातला. त्या तिसऱ्या पोत्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, "हे घाल गाडीत."