मोबाइल काढून घेतला, तरी पोरं मैदानावर का जात नाहीत?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न परत परत आलाय: "मुलगी आठवीत आहे, जागची हलत नाही, काय करू?" आणि त्याखाली लगेच कुणीतरी लिहितं, "मोबाइल काढून घ्या." आज त्यावरच बोलू.

आधी पटकन नियम. जागतिक आरोग्य संघटनेची 2020ची शिफारस आहे की 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी किमान 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी. आठवड्यातून निदान तीनदा हाडं-स्नायूंना जोर देणारं काहीतरी हवं, म्हणजे उड्या, दोरी, पळणं. एवढंच.

आता मोबाइल. तो काढून घेतलात, ठीक. पोरगी जाणार कुठे? शाळा सुटते साडेपाचला, क्लास सहाला. मधल्या अर्ध्या तासात डबा धुवायचा की खेळायचं?

बरं, क्लास नाही असं धरू. मैदानावर जाऊन बघा. मधल्या पट्ट्यावर मोठ्या पोरांचं क्रिकेट, कडेला लावलेल्या गाड्या. तेरा वर्षांच्या चार मुलींनी लंगडी खेळायची कुठे?

आणि जागाही मिळाली, तर सोबत कोण? माझी भाची सातवीपर्यंत खो-खो खेळायची, खांबाला हात लावून अशी वळायची की बघत राहावं. पाळी सुरू झाली, मैदानाजवळ स्वच्छतागृह नाही, अंधार पडायच्या आत घरी ये म्हणून घरून फोन. मैत्रिणी एकेक करून गळाल्या. एकटीनं खो-खो खेळता येत नाही हो! तिच्या हातात मोबाइल आला तो त्यानंतर.

वेळ, जागा, सोबत. यातलं एक जरी नसलं तरी मूल घरातच बसतं.

एका दादांनी लिहिलंय, "आमच्या वेळी असं नव्हतं." दादा, तुमच्या वेळीही बहिणी किती वाजता घरात यायच्या, आठवून बघा. 2016च्या आकडेवारीवर 146 देशांचा एक मोठा अभ्यास झाला. 11 ते 17 वयाची 81 टक्के शाळकरी मुलं पुरेशी हलत नाहीत. मुलगे 78 टक्के, मुली 85. भारतातल्या मुली त्या मानानं बऱ्या दिसतात, आणि अभ्यासकांनी त्यामागचं एक संभाव्य कारण दिलंय घरकाम. केर, भांडी, पाणी भरणं. शरीर हलतं, मान्य. पण ते खेळणं नाही, आणि त्यावर समाधान मानायला मी तयार नाही.

अजून एक, याचा मला फार राग येतो: पीटीचा तास. वेळापत्रकात असतो, पण गणिताचा पोर्शन राहिला की पहिला बळी त्याचाच. ज्या मुलीला संध्याकाळी बाहेर सोडत नाहीत, तिच्यासाठी वेळ, जागा आणि सोबत तिन्ही एकत्र मिळणारी ती एकच जागा आहे! पुढच्या पालकसभेत टक्क्यांच्या आधी विचारा: या महिन्यात पीटीचे तास किती झाले, आणि मुली मैदानात होत्या की कडेला बसून होत्या? उत्तर काय मिळालं ते खाली लिहा, मी वाचतेय.